बोटाएवढं घर

निशाचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरच्या मेट्रोत, पाया लेबार स्टेशनवर गाडी बदलत होते. टॅम्पिनीसहून निघायचं, पाया लेबारला उतरून सर्कल लाइन पकडायची आणि बिशानला भावजींकडे जायचं, हा माझा दर रविवारचा रस्ता. निशा म्हणजे भावजींची मुलगी. इथेच जन्मली, इथेच वाढली, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच इंग्रजीत घसरते. त्या दिवशी मात्र एकदाही घसरली नाही. "काकू, बाबा गेले," म्हणाली. "पेपर वाचत बसले होते. मी आंघोळीहून आले तर..." मी सरकत्या जिन्यावर होते, इथल्या रीतीप्रमाणे डाव्या बाजूला उभी. जिना संपला तरी पाय उचलायचं सुचेना. मागच्या चिनी बाईंनी "आंटी, आंटी" करत दंडाला धरून मला पुढे नेलं आणि बाकावर बसवलं. पर्समध्ये भावजींनीच करून दिलेला पेनड्राइव्ह होता, त्यात आदल्या दिवशी लिहिलेली सहा नवी पानं होती, आणि ती मी त्यांना वाचून दाखवायला निघाले होते.

याला आता सात आठवडे झाले. मिलिंद भावजी, माझे धाकटे दीर. त्यांच्यावर लिहायचं म्हटल्यावर नितीन, माझा मुलगा, म्हणाला, "आई, जरा गंभीर लिही हं." बरं, लिहिते. पण खरं सांगू का, तो माणूस आठवला की आधी हसूच येतं. पुण्यानुमोदनाला, म्हणजे भावजींच्या स्मृतीसाठी सगळे घरी जमले त्या दिवशीसुद्धा तेच झालं. वंदना झाली, दोन शब्द बोलायला एकेक जण उभा राहिला आणि प्रत्येकजण आपापल्या घरातली दुरुस्त झालेली वस्तूच सांगायला लागला. कुणाचा राइस कुकर, कुणाचा पंखा. शेजारचे एक म्हातारे चिनी गृहस्थ तर बंद पडलेला रेडिओ घेऊनच आले होते. त्यांना बिचाऱ्यांना बातमीच कळली नव्हती! घर भरलेलं पाहून त्यांना वाटलं, अंकलकडे आज फार गर्दी आहे, आपला नंबर कधी लागेल. निशा त्यांच्यापाशी गेली, तो रेडिओ हातात घेतला आणि रडता रडता हसायला लागली. "बाबा ऑलवेज लाइक दॅट, काकू," आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "हाउसफुल लाह."

भावजींची आणि माझी ओळख फार जुनी. मी लग्न होऊन भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले तेव्हा अठरा वर्षांची होते आणि भावजी चौदाचे. माझी शाळा सातवीला सुटलेली. भावजी अभ्यासाला बसायचे ते बरोबर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, आणि मोठ्याने वाचायचे. सासूबाई म्हणायच्या, मेल्या, मनातल्या मनात वाच की. तर म्हणायचे, "मनात वाचलं तर वहिनींना कसं ऐकू जाईल? त्यांनी चुका काढायच्यात." मी भाकरी थापता थापता म्हणायचे, अहो, मला काय कळतंय चुका काढायला! "कळेल," एवढंच. वर्ष संपलं की त्यांची पुस्तकं माझ्याकडे. त्यांची उष्टी पुस्तकं वाचून मी जेवढी शिकले तेवढीच शिकले. पुढे ते इंजिनियर झाले, सिंगापूरला आले, कॉम्प्युटरच्या चिपा तपासायच्या कारखान्यात आयुष्य काढलं आणि इथलेच झाले. जाऊबाई लवकर गेल्या. निवृत्तीनंतर बिशानचा त्यांचा फ्लॅट म्हणजे नुसता वायरींचा संसार. टाकून द्यायची वस्तू दिसली की यांचा जीव कासावीस व्हायचा.

आमचे हे गेल्यावर माझं निम्मं वर्ष नितीनकडे टॅम्पिनीसला आणि निम्मं लेकीकडे पुण्याला, असं सुरू झालं. दोन्ही घरी प्रेम भरपूर, कुणी कधी उणा शब्द बोललं नाही. पण माझं असं म्हणाल तर एक सुटकेस. आणि मला तर लिहायचं होतं. माझ्या आईबद्दल. ती भुसावळलाच रेल्वे इंजिनांच्या शेडबाहेरच्या राखेतून अर्धवट जळलेले कोळसे वेचायची आणि विकायची, त्यावर तिने आम्हा चौघांना वाढवलं. तिचं नाव कुठे लिहिलेलं नाही, फोटो नाही. मी गेले की तीही संपणार, हे मला आतून खायचं. पण अंगठ्याच्या सांध्याने दावा मांडलेला, चार ओळी लिहिल्या की पेन गळून पडायचं. नितीनचा लॅपटॉप ऑफिसचा, त्याला हात लावायचा नाही. लेकीकडे जावयांचा कॉम्प्युटर, त्यात त्यांचं सगळं काम. आणि फोनवर लिहायचं तर अक्षरं मुंगीएवढी. एका रविवारी बोलता बोलता मी भावजींना म्हटलं, साधं कपाट असतं ना, तेवढी जागा मला कुठल्यातरी मशीनमध्ये हवी, दोन्ही घरी उघडेल अशी. त्यांनी फक्त मान हलवली. भावजी गप्प बसले की समजायचं, काहीतरी शिजतंय.

पुढच्या आठवड्यात भावजी टॅम्पिनीसला आले ते नेमके नितीन जुना लॅपटॉप पिशवीत घालून खाली निघालेला असताना. "कुठे निघाली स्वारी?"

"काका, याची हार्ड डिस्क गेली. टाकायला नेतोय."

"अरे, डोकं गेलंय, हातपाय तर धड आहेत. आण इकडे."

मी म्हटलं, "डोक्याशिवाय काय उपयोग त्याचा?"

"तुमचं नाही का चाललंय इतकी वर्षं?"

"माझं गेलं ते तुमच्या भावाशी लग्न केलं तेव्हा. त्याआधी होतं." नितीन पिशवी तिथेच ठेवून हसत पळाला.

मग जेवणाच्या टेबलावर बसून भावजींनी मला समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. कॉम्प्युटर चालू झाला की आधी शोधतो, मला चालवणारी व्यवस्था कुठे आहे. ती एरवी त्याच्या पोटातल्या डिस्कवर असते. या बिचाऱ्याची डिस्कच मेलेली. पण ती व्यवस्था बाहेरून, पेनड्राइव्हवर घालून दिली, तर मशीन तिच्यावरही चालतं. फक्त चालू करताना त्याला सांगायचं की बाबा, आत बघू नकोस, बाहेर बघ. त्यासाठी बटण दाबल्या दाबल्या एफ-बारा टकटक दाबत राहायचं. "टकटक का? एकदा दाबून नाही का चालत?" "वहिनी, दार एकदाच वाजवून कुणी उघडतं का? आणि हा तर बहिरा आहे." मी टकटक केलं. काळ्या पडद्यावर यादी आली, भावजींनी एक ओळ निवडली, आणि मशीन बराच वेळ कण्हत राहिलं... आणि मग पडदा उजळला. सगळं मराठीत! "उघडा", "जतन करा", "बंद करा". इतकी वर्षं घरात कॉम्प्युटर पाहिले, पण एकानेही माझ्याशी माझ्या भाषेत बोलायचा विचार केला नव्हता. भावजींनी खिशातून पांढऱ्या चिकटपट्ट्यांची पाकिटं काढली. प्रत्येक पट्टीवर स्वतःच्या हाताने एकेक अक्षर लिहून आणलं होतं. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. "मसाल्याच्या डब्यासारखं आहे," म्हणाले. "एकदा हाताला सवय झाली की बघायचंही नाही."

आता माझ्या मूर्खपणाची, खरं तर आम्हा दोघांच्या मूर्खपणाची गोष्ट. भावजी जेवून गेले. जाताना म्हणाले, "आज नुसतं हात बसवा." मी हात बसवायला बसले आणि आई आली. कशी आली कोण जाणे. डोक्यावर घमेलं, हातात वाकडी सळई, राखेने पांढऱ्या झालेल्या भुवया... दुपारभर मी एका बोटाने लिहीत होते. नितीन ऑफिसातून आला तेव्हा साडेतीन पानं झाली होती. जन्मात पहिल्यांदा मी साडेतीन पानं लिहिली होती. "जतन करा" दाबलं, मग शिकवल्याप्रमाणे शहाण्यासारखं "बंद करा" दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एफ-बारा टकटक केलं, पडदा उजळला, आणि आत काही नाही. धुऊन पुसून ठेवलेल्या परातीसारखं स्वच्छ.

मी फोन लावला. "भावजी, माझी पानं कुठे गेली?"

"कुठली पानं?"

"काल लिहिलेली. साडेतीन."

पलीकडून हळूच, "तुम्ही... लिहिलंत? वहिनी, मी तो पेनड्राइव्ह फक्त मशीन चालतंय का बघायला केला होता. त्याला लक्षात ठेवायची जागा दिलेलीच नव्हती. तो बंद केला की सगळं विसरतो."

"मग त्याने 'जतन करा' कशाला म्हणायचं? आणि हे तुम्ही मला काल सांगायचं नाहीत?"

"मला काय माहीत तुम्ही लगेच..."

"चाळीस वर्षं वाट बघून लिहिलं, ते तुमच्या मते लगेच!" असं म्हणून मी फोन ठेवला. तेवढ्यावर थांबले नाही. लॅपटॉप पिशवीत घातला आणि दाराशी नेऊन ठेवला, टाकायला. नितीनला सांगितलं, मला नाही लिहायचं आता. आई एकदा बोलली, मी घालवलं, ती पुन्हा थोडीच बोलणार. आज हसू येतं, पण त्या सकाळी मला खरंच वाटलं होतं की मी आईला दुसऱ्यांदा घालवलं.

तासाभरात भावजी दारात. बिशानहून टॅम्पिनीसला इतक्या लवकर माणूस कसा पोचतो, मला अजून कळलेलं नाही. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. आत आले, पिशवीतून लॅपटॉप काढला, शर्टाच्या खिशातून नवा पेनड्राइव्ह काढला. म्हणाले, "याच्यात निम्मी जागा चालायला आणि निम्मी आठवायला. तो निम्मा कप्पा फक्त तुमचा. आता सांगा, मी लिहून घेतो."

"मला काही आठवत नाही."

"बरं. मग मी सांगतो. तुमची आई टोपलीत कोळसे भरायची."

"टोपलीत? अहो, टोपलीत कसे भरेल, कोळसे गरम असायचे! घमेल्यात!"

"बरं, घमेल्यात. मग ती बाजारात जाऊन..."

"बाजारात नाही हो, हॉटेलवाल्यांकडे! मागच्या दाराने!" आणि मग मी सांगतच सुटले. भावजी खाली मान घालून टाइप करत होते. आता वाटतं, त्यांना टोपली की घमेलं हे पक्कं ठाऊक होतं, लहानपणी त्यांनी माझ्या आईला दहादा पाहिलं होतं. पण एका पानानंतर मी सहज डोकावले तर काय? मी सांगितलेलं सगळं हे सुधारून, इस्त्री करून लिहीत होते. आई म्हणायची "कोळसा इझला की कवडीमोल व्हतो", आणि यांनी लिहिलेलं, "कोळसा विझल्यावर त्याचे मूल्य नष्ट होते." मी म्हटलं, "भावजी, ही माझी आई आहे की तुमचे हेडमास्तर?" ते म्हणाले, "शुद्ध लिहायला नको का?" मी म्हटलं, "सरका तिकडे." ते सरकले. मी खुर्चीत बसले. त्या दिवसापासून कीबोर्ड माझ्याकडे, तो कायमचा. आणि दुसऱ्यांदा लिहिलेली पानं पहिल्यापेक्षा बरी झाली हे मी त्यांना मुद्दाम पुष्कळ दिवस सांगितलं नाही.

त्यानंतरची तीन वर्षं म्हणजे नुसती मजा. मी पुण्याला निघाले तेव्हा भावजींनी पेनड्राइव्हला जाड लाल दोरा बांधून दिला आणि एका चिठ्ठीवर लिहिलं, कुठल्या मशीनचं दार कुठल्या बटणाने उघडतं, कारण सगळ्यांना एफ-बारा चालत नाही. पुण्याला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी जावयांना विचारून त्यांचा कॉम्प्युटर घेतला, चिठ्ठी बघून टकटक केलं, आणि काय सांगू, माझंच सगळं तिथे उघडलं! तीच अक्षरं, मी जिथे सोडलं होतं तेच वाक्य. परक्या घरात शिरावं आणि आत आपलीच खाट, आपलीच गोधडी असावी, तसं. मी चष्मा पुसायला उठले, तेवढ्यात जावई आले. पडद्याकडे बघितलं आणि मटकन बसले. "आई... माझं ऑफिसचं सगळं?" त्यांना वाटलं, सासूबाईंनी त्यांचा कॉम्प्युटर पुसून मराठी करून टाकला! घामाघूम झाले बिचारे. मी सिंगापूरला फोन लावून स्पीकर चालू केला. भावजी आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "जावईबापू, घाबरू नका. तुमच्या घरात पाहुण्या आल्यात, पण त्या स्वतःची चूल बरोबर घेऊन आल्यात. तुमच्या डब्यांना हात लागलेला नाही. आधी नीट बंद करा, मग पेनड्राइव्ह काढा, मग चालू करा." तसं केलं, आणि त्यांचं सगळं जिथल्या तिथे. जावई त्या दिवसापासून मला चळाचळा कापतात. माझी लेक म्हणते, आई, तुझ्या एवढ्या वर्षांच्या सासूपणात जे जमलं नाही ते त्या बोटाएवढ्या वस्तूने केलं.

इथे असले की रविवारी बिशानला जायचं, भावजी माझ्या पेनड्राइव्हची दुसऱ्यावर नक्कल करून ठेवायचे. बोटाएवढी वस्तू, हरवायला किती वेळ लागतो? पण पुरं होईपर्यंत वाचायचं नाही, अशी माझी अट होती, आणि ती त्यांनी पाळली. "वाचत नाही, फक्त वजन करतो," म्हणायचे. आकडा बघून सांगायचे, "या आठवड्यात वाढलंय. छान. खातंपितं दिसतंय." वजन वाढलं नसलं की तोंड पाडून बसायचे आणि मला ओशाळं व्हायचं. घरी जाऊन चार ओळी तरी लिहायचे. एवढं माझ्या लेखनाकडे कुणी कधी लक्ष दिलं असेल असं वाटत नाही, आणि तेही एक अक्षर न वाचता!

आईवरचं लिहून पुरं झालं ते भावजी जायच्या आदल्या रविवारी. मी बिशानला गेले, त्यांच्याच टेबलावर पेनड्राइव्ह लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि भावजींसाठी हा विक्रमच होता. फक्त, उंबऱ्यावर बसून मोठ्याने वाचणारा एक चौदा वर्षांचा मुलगा त्यात येतो, तिथे म्हणाले, "मी एवढा बावळट दिसायचो?" मी म्हटलं, "त्याहून. मी कमी करून लिहिलंय." वाचून झाल्यावर म्हणाले, "इझला की कवडीमोल... बरोबर होतं तुमचं, वहिनी. मी उगाच इस्त्री करत होतो." आणि लगेच, "आता पुढचं काय? सासूबाईंवर लिहा. पण माझ्या आईला जरा जपून हं." त्यांनी माझ्या आईला पुरतं ऐकलं. राहून गेलं असं काही मनात ठेवून मला बसावं लागलं नाही, हे माझं केवढं भाग्य. सासूबाईंवरची सहा पानं राहिली ऐकवायची, ती मी नंतर भावजींच्या फोटोसमोर बसून मोठ्याने वाचली. निशाला वाटलं, काकू कुणाशी भांडतायत.

गेल्या आठवड्यात माझी एक नवी मैत्रीण, सुनंदाबाई, मला म्हणाल्या, "मलाही असं एक करून द्या ना." त्या लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरहून आल्यात. दिवसभर नातवाला पाळणे म्हणतात, सगळे स्वतः रचलेले. परत जाण्याआधी ते त्यांना लिहून ठेवायचेत, आणि मशीन सगळी दुसऱ्यांची. मी हो म्हणून बसले आणि मग घाबरले. आजवर भावजी करायचे, मी शेजारी बसून बघायचे. पण बिशानला गेले, निशाला शेजारी बसवलं, आणि भावजींच्या खुर्चीत बसून केलं. कुठला पेनड्राइव्ह पुसला जाणार ते तीन वेळा मोठ्याने वाचून मगच पुढे गेले. निम्मी जागा चालायला, निम्मी आठवायला. झाल्यावर निशा म्हणाली, "डन, काकू! द्या आता त्यांना." मी म्हटलं, थांब. माझ्या त्या साडेतीन पानांनंतर भावजींनी एक सवय लावून घेतली होती. नवा पेनड्राइव्ह केला की त्यात एक ओळ लिहायची, जतन करायची, मशीन बंद करायचं, पुन्हा चालू करायचं आणि ओळ जागेवर आहे का बघायची. असेल तरच पेनड्राइव्ह समोरच्याच्या हातात. ओळ नेहमीची एकच असायची, आणि माझी बोटं ती न विचारता लिहून मोकळी झाली: "वहिनी, चहा ठेवा."

बंद केलं. पुन्हा चालू केलं, टकटक. मशीन कण्हलं. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बसलो होतो, हे मला मागाहून लक्षात आलं. पडदा उजळला, फाईल उघडली, आणि ओळ जिथल्या तिथे. निशाने ती वाचली. मराठी सावकाश वाचते ती, अक्षर लावून लावून. मग उठली, "मी ठेवते," म्हणाली आणि आत गेली.

भावजी ती ओळ पुसून मगच पेनड्राइव्ह द्यायचे. मला पुसवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सुनंदाबाईंचा फोन. मागे बाळ रडत होतं आणि या हसत होत्या. "अहो, तुमचं ते लावलं, सगळं मराठीत उघडलं, फार छान झालं! पण आत आधीच कुणीतरी बसलंय, आणि चहा मागतंय. कोण हो हे?"

म्हटलं, "आमचे भावजी आहेत. ठेवा चहा."